प्रधान साहेबांनी पाणी घेतलं

आमच्या आईला कुणी विचारलं, “संगी काय करती हो?” तर ती म्हणायची, “कंपनीत हाय.” “कंपनीत म्हंजी, काय काम?” “हाय कंपनीत.” याच्या पलीकडं ती कधी गेली नाही. शेजारच्या वस्तीवरच्या सुनेचे डोहाळे तपशिलानं सांगणारी बाई. पण पोटच्या पोरीनं सबंध जन्म ज्या कामात घालवला, त्याचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. मला याचा राग यायचा. राग आला की त्याचं कारणही आठवायचं आणि मग तो गिळावा लागायचा. मागच्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हा कंपनीतल्या पोरापोरींनी मला खुर्चीत बसवलं, हातात माइक दिला आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही एचआरच का निवडलं?” मी म्हणाले, “मला माणसांत रमायला आवडतं.” टाळ्या पडल्या, केक कापला. मुलाखतीला आलेल्या कितीतरी पोरांच्या तोंडून मी हेच उत्तर ऐकलं होतं आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, चल, खोटारड्या. खरं उत्तर केकसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहिते.

आमची वस्ती कारेगावच्या शिवारात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. माळावरची जमीन कंपन्यांसाठी गेली आणि विहिरीखालचा तुकडा राहिला, त्यात आबा शेवंती आणि झेंडू लावायचे. आबा म्हणजे माझे वडील. बोलणं कमी, काम फार. उजाडायच्या आत आई, मी आणि गावातल्या दोघी बाया तोडणीला लागायचो आणि फुलांचा टेम्पो मार्केट यार्डाकडं गेला की चुलीकडं वळायचो. रस्त्याच्या अंगाला आबांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यात बीडची, लातूरची, बिहारची, ओडिशाची माणसं भाड्यानं राहायची. दिवसाच्या कुठल्याही वेळी कुठल्या तरी खोलीत कुणी पाळी करून झोपलेलं असायचं आणि शेजारच्या खोलीत कुणी स्टोव्हला पंप मारत असायचं. आई त्यांच्याशी मराठीत भांडायची, ते हिंदीत उत्तर द्यायचे आणि दोन्हीकडचं समाधान व्हायचं. “आरं, पाणी किती सांडतुयास? हीर काय तुझ्या बापानं खांदली का?” “हां हां माताजी, बंद करते हैं.” पूर्वी आमच्याकडं वेळ कळायची ती शिरूरच्या एसटीवरून, मग कंपन्यांचे भोंगे आले. दुपारचा भोंगा झाला की आई तवा टाकायची, कारण दादा सुटला.

दादा माझा थोरला भाऊ. नाव बाळासाहेब, घरात बाळू. शिरूरला आयटीआय करून तो जवळच्याच एका कंपनीत लागला आणि परमनंट झाला तेव्हा आबांनी साऱ्या वस्त्यांवर पेढे वाटले. जमीन गेल्यापासून आबांच्या तोंडावर हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दादा बडबड्या, खवय्या आणि पक्का नकलाकार. सुपरवायझरची नक्कल करत जेवायचा. आईनं मासवडी केली की वडी हातात धरून उजेडात फिरवायचा आणि म्हणायचा, “आमच्या क्वालिटीवाल्यांना दाखवली पायजे. एक पीस रिजेक्ट न्हाई.” आई म्हणायची, “गिळ गुमान.” पण पुढच्या वडीला तिचा हात जरा जास्तच सैल सुटायचा. त्याच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, म्हणून आई ते वेगळे धुवायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. मला तो मास्तरीणबाई म्हणायचा. मी तेव्हा शिरूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि पुढं बी.एड. करून शिक्षिका व्हायचं, हे घरात ठरल्यातच जमा होतं. मामा दौंडला रेल्वेत, इंजिनांच्या शेडमध्ये. शेडमध्ये ओरडून बोलायची सवय असल्यामुळं तो घरात गुळाचा खडा मागतानाही ओरडायचा. त्यानं मला दौंडला ठेवून घ्यायचं, तिथं माझं शिक्षण करायचं, असं त्याचं आणि आईचं बोलणं झालेलं. मला शिकवण्याची हौस होती असंही नाही. पण आमच्याकडं शिकलेल्या मुलीला एवढी एकच वाट मळलेली होती आणि मी तिच्यावरून निमूट चालले होते.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात आणि आईच्या माहेरी, केडगावकडं, मरणाची बातमी कुणी तोंडानं सांगत नसे. ‘तब्येत जास्त हाय, चला,’ एवढंच म्हणायचं. पण असा सांगावा घेऊन आलेला माणूस अंगणात उभाच राहतो. तो उंबऱ्याच्या आत येत नाही, टेकत नाही आणि पुढं केलेलं पाणी घेत नाही. आजारपणाचाच सांगावा असला तर माणूस बसतो, पाणी पितो, च्या घेतो. मी शाळेत असताना आईची आई गेली. केडगावहून धोंडीबा आप्पा आले आणि लिंबाखाली उभे राहिले. आई तांब्या घेऊन गेली. आप्पा म्हणाले, “आक्का, म्हातारीची तब्येत जरा जास्त हाय. चल.” आई तांब्या पुढं धरून उभी राहिली. आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, “पाणी नगं.” आईनं तांब्या तिथंच मातीत ठेवला आणि हंबरडा फोडला. आजी मेली हे शब्द आप्पांनी काढलेच नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढं कधी. तोंडानं खोटं बोलायचं आणि पाण्यानं खरं सांगायचं, अशी ती पद्धत होती आणि त्यात कुणाची कधी चूक होत नसे.

दसरा तोंडावर आला होता, झेंडूची तोडणी जोरात होती. आबा टेम्पोबरोबर पुण्याला गेलेले. दादा पहिल्या पाळीला. आई भाकरी थापत होती आणि मी ओसरीवर फुलांची पोती झटकत होते, तेवढ्यात एक जीप वस्तीत आली. तिच्यातून पंचविशीतला एक साहेब उतरला. पँटमध्ये खोचलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बुटांना आमच्या वाटेची लाल माती. “बाळासाहेबांचं घर हेच ना?” त्यानं विचारलं. आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“मी प्रधान. कंपनीतून आलोय,” तो म्हणाला. “त्यांना थोडं लागलंय. शिरूरला दवाखान्यात नेलंय. काळजीचं काही नाही. पण घरचं कुणीतरी बरोबर आलात तर बरं होईल.”

आईनं हात धुतले. माठातला तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला. मी आईकडं पाहत होते आणि आई त्याच्या हातांकडं. तो क्षणभर घुटमळला. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि वर न बघता सगळा पिऊन टाकला. आईचे खांदे खाली आलेले मला दिसले. “बसा साहेब,” ती म्हणाली, “च्या टाकते.” तो बसला. च्याही प्यायला, इतका गरम की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मला तेव्हा वाटलं. आई आता मोकळेपणानं विचारायला लागली, हाताला लागलंय का पायाला, टाके पडलेत का. तो म्हणाला, “डॉक्टर बघतायत.” “जेवला आसंल का?” “नाही. सुट्टी व्हायची होती अजून.” झालं, आईनं चुलीवर मुगाची खिचडी चढवली. प्रधान उठून म्हणाले, “आई, निघायला हवं.” आई म्हणाली, “निघू की. दवाखान्यातलं त्याच्या घशाखाली उतरत न्हाई.” आणि तो माणूस परत खाली बसला. खिचडी शिजेपर्यंत तो ओसरीवर गुडघ्यावर हात ठेवून बसून होता. त्याची त्या वेळी काय गत झाली असेल, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, पण त्याला तेव्हा पाहताना मला एवढंच वाटलं की हा शहरातला दिसतो, मांडी घालता येत नाही.

जीपमध्ये आईनं डबा मांडीवर घेतला होता. वाटभर ती प्रधानांशी बोलत राहिली. गाव कुठलं, लग्न झालंय का, आई आहे का. ते म्हणाले, ठाण्याचा आहे, आई तिकडंच असते. “मंग फोन करीत जावा तिला,” आई म्हणाली. “तुमच्यासारखीच पोरं असत्यात, कामाच्या नादात इसरत्यात.” मग तिनं दादाच्या धांदरटपणाच्या गोष्टी काढल्या. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडला होता, सायकलवरून बाभळीत गेला होता. मलाही हसू आलं. दवाखान्याच्या फाटकात दादाच्या पाळीची पोरं घोळक्यानं उभी होती. आम्हाला पाहून सगळी गप्प झाली आणि वाट सोडून मागं सरली. त्यातला एक जण आमच्याच एका भाड्याच्या खोलीत राहणारा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. तेव्हा मला कळलं. आई मात्र डबा सांभाळत पुढं चालली होती, तिनं पोरांकडं पाहिलंच नाही. डॉक्टरांना वाटलं, कंपनीवाल्यांनी घरी सांगितलं असेल. कंपनीवाल्यांनी ते डॉक्टरांवर सोडलेलं. आम्हाला कुणी अडवलं नाही, कुणी बसवलं नाही, कुणी काही बोललं नाही. एका माणसानं दार उघडलं आणि चादर बाजूला केली. दादाचा चेहरा नीट होता. आईनं त्या माणसाला हळूच विचारलं, “झोपलाय का?”

त्यानं प्रधानांकडं पाहिलं. प्रधान भिंतीकडं पाहत होते.

आबांना वाघोलीच्या पुढं हॉटेलात गावचा माणूस भेटला. त्यानं च्याला नको म्हटलं, आणि आबा ओळखून बसले. ते आले ते रडतच आले. आई रडली नाही. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, घरी आणल्यावर ओसरीवर बसली, बायका गळ्यात पडून रडल्या तरी ही कोरडीच. पुढं वर्षं गेली तरी ती कधी मोकळी रडलेली मी पाहिली नाही. क्रेनची साखळी तुटून वरचा लोखंडी साचा त्याच्या अंगावर आला होता, हे आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. पुढचं कंपनीचं देणंघेणं, कागद, सह्या यांबद्दल मी लिहीत नाही; ते सगळीकडं होतं तसंच झालं. भेटायला येणारी माणसं कंपनीला शिव्या द्यायची. त्या साहेबाला धरून बडवला पाहिजे, म्हणायची. आई ऐकून घ्यायची आणि तिचं एकच असायचं: “खोटं बोलला त्याचं काय न्हाई. आपण बी खोटंच बोलतो की. पर पाणी कसं पिला त्यो?” दिवसातनं कितीदा तरी ती हे म्हणायची. चुलीजवळ, गोठ्यात, एकटीच. पाणी कसं पिला त्यो.

दहावा शिरूरला घोड नदीवर झाला. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते आणि मी मागं वळून पाहिलं तर लांब, झाडाखाली, प्रधान उभे. मी उठले आणि सरळ त्यांच्याकडं गेले. नात्यातल्या बायका बघतच राहिल्या. पण त्या दिवसांत मला कुणाची पर्वा नव्हती आणि तशी ती मला पुढंही फारशी राहिली नाही.

“तुम्ही पाणी का घेतलंत?” मी विचारलं.

त्यांना कळेना. “म्हणजे?”

“आमच्या घरी. आईनं पाणी दिलं. का घेतलंत?”

“आईंनी दिलं म्हणून,” ते म्हणाले. “नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्यांचं मन दुखावलं असतं.” मी त्यांना रीत सांगितली. ती ऐकताना त्यांचा चेहरा असा होत गेला की मला त्यांच्यावर संतापायचं होतं, ते जमेना. ते खालीच बसले, नदीच्या वाळूत, चांगल्या पँटसकट. म्हणाले, “मला वरून सांगितलं होतं, घरी काही बोलायचं नाही, फक्त घेऊन यायचं. मला वाटलं, निदान पाणी तरी नाकारू नये.”

मग मी विचारलं, “तुम्हीच का आलात? दुसरं कुणी का नाही?”

“आमच्या डिपार्टमेंटचं काम आहे ते. पर्सोनेल. माणसं घ्यायची, माणसं काढायची, रजा-हजेरी बघायची, आणि असं काही झालं की घरी जायचं.”

“तुमच्यात इथलं कुणी नाही? शिरूरचं, दौंडचं, आसपासच्या कुठल्याही गावातलं?”

ते म्हणाले, “नाही. इथली मुलं सगळी मशीनवर आहेत.”

नोकऱ्या निवडण्याबद्दल हल्ली मोठी पुस्तकं मिळतात, कल शोधण्याच्या चाचण्या असतात. माझी निवड त्या वाळूत, त्या एका उत्तरात झाली. त्यात पांग फेडण्याचा किंवा सूड उगवण्याचा काही विचार नव्हता. मला फक्त इतकं दिसलं की इथली हजारो माणसं त्या फाटकातून आत जातात आणि त्यांच्या घरी जायची वेळ आली की जाणाऱ्याला त्या घरात कसं उभं राहायचं हेच माहीत नसतं. मी प्रधानांना विचारलं, त्या कामाला काय शिकावं लागतं. त्यांनी डोळे पुसत पुण्यातल्या डिप्लोमाचं सांगितलं. कामगार कायदे आणि कामगार कल्याण. दहाव्याला हे बोलणं शोभत नव्हतं. पण शोभण्यासारखं त्या दिवशी तिथं काय होतं?

घरी मी हे सांगितलं तेव्हा बी.कॉम.चा निकाल लागला होता. मामा दौंडहून बी.एड.चं सगळं ठरवून आला होता. तो उठूनच उभा राहिला. “ज्यांनी घराचा दिवा इझवला त्यांच्याच पंगतीला जाऊन बसायचं? लोक तोंडात शेण घालत्याल!” खोल्यांमधली झोपलेली माणसं जागी होऊन दारात आली, इतका ओरडला. आबा जमिनीकडं बघत होते. मी म्हणाले, “आबा, तुम्ही सांगा.” ते म्हणाले, “तिला करू द्या.” मामा त्यांच्याशी पुढं वर्षभर बोलला नाही. आई शेवंतीच्या काड्या निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, “आई, त्यांच्यात आपल्यातलं कुणी असतं तर—”

“तर काय?” ती म्हणाली. “बाळू आला असता?”

अजूनही मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आणि ते दर वेळी तेच येतं. मग तिनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि अगदी शांतपणे म्हणाली, “शिक. जा. पर तिथलं मला काय सांगायचं न्हाई. कवाच न्हाई.” मी हो म्हणाले. तेव्हा मला वाटलं, वर्ष-दोन वर्षांत निवळेल. आई एकदा बोलली म्हणजे बोलली, हे मी विसरले.

सणसवाडीच्या एका कंपनीत मला पहिली नोकरी मिळाली आणि नंतर त्याच पट्ट्यात मी सगळी वर्षं काढली. पर्सोनेलचं एचआर झालं, हजेरीच्या कार्डाऐवजी अंगठा आणि अंगठ्याऐवजी चेहरा आला, रांगोळीच्या स्पर्धा आल्या, वाढदिवसाचे केक आले. माणसं घेण्याचं काम मी केलं, तसं काढण्याचंही केलं. त्या खुर्चीत बसून कुणी साधूसंत राहत नाही. कारेगावातच मला शिव्यांची लाखोली वाहणारी घरं आहेत आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. पण वाईट बातमी घेऊन जायचं असलं की मी कुणाला पाठवलं नाही, स्वतः गेले. पहिल्यांदा गेले ती केडगावच्या पलीकडं, दौंडच्या वाटेवरच्या एका वस्तीत. कंपनीच्या बसमध्येच छातीत कळ येऊन माणूस गेला होता. त्याची बायको ओट्यावर मेथी निवडत होती. सासू आतून तांब्या घेऊन आली. मी हात जोडले. त्या दोघींनाही कळलं. पण मी तिथं थांबले नाही. प्रधानांच्या त्या दिवसानंतर माझा एकट्या रीतीवर भरवसा उरला नव्हता. मी उभी राहून म्हणाले, “ताई, मी कंपनीतून आलेय. तुमचे मालक आज सकाळी वारले.” मग मी त्यांच्या ओट्याखाली जमिनीवर बसले आणि माणसं जमेपर्यंत तिथंच राहिले. हीच माझी पद्धत झाली. आधी उभं राहून सांगायचं, बसायचं ते नंतर. फोनवर मात्र याचा काही उपयोग नसतो. छपरा जिल्ह्यातल्या कुठल्या गावात बाप फोनवर “हैलो, हैलो” करत असतो, त्याला काय दिसणार, मी उभी आहे का बसलेली. तरी मी उभी राहूनच फोन करायचे. ऑफिसातली पोरं हसायची, मग हळूहळू तीही उभी राहायला लागली.

अशा दिवशी मी घरी आले की आईला कळायचं. ती ताट वाढायची, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची आणि दुसऱ्याच विषयावर बोलायची. शेळी व्यायली, नळाचा वॉल गेला. मला कितीदा वाटलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगावं की आज मी एका आईला सांगून आले. पण मी शब्द दिला होता आणि ती त्या शब्दावर पहारा देऊन बसली होती. लग्न होऊन मी शिरूरला गेले, आबा गेले, मामा गेला. आम्ही दोघी जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोललो आणि त्या एका गोष्टीवर नाही. एवढी जवळची दोन माणसं इतकी वर्षं असं राहू शकतात, हे मला आता लिहितानाही खरं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई केडगावला एका लग्नाला गेली. थकली होती, पण माहेरचं लग्न म्हणून हट्टानं गेली. तिथं एक बाई तिच्या पाया पडली आणि म्हणाली, “तुमच्या संगीतामॅडम माझ्या दारात उभ्या राहून सांगून गेल्या हो, माझा माणूस गेला तवा. दिसभर बसल्या माझ्यापशी.” ती मेथीवाली बाई. आईनं मला हे काही सांगितलं नाही, ते मागाहून लग्नातल्या बायकांकडून कळलं. मी भेटायला गेले तेव्हा ती दुपारची ओसरीवर बसली होती, आणि एकदम म्हणाली, “तू कसं सांगतीस?”

ती कशाबद्दल विचारते, मला कळेना. “काय कसं?”

“माणूस गेल्याचं. लोकांच्या घरी जाऊन. त्या केडगावच्या बाईला कसं सांगितलंस?”

मी म्हणाले, “सरळ सांगते. गेले म्हणून.”

तिनं समोरच्या खोल्यांकडं पाहिलं. “मला कुणी सांगितलंच न्हाई गं,” ती म्हणाली. “त्या सायबानं न्हाई, डाक्टरनं न्हाई. तुझ्या आबांनी न्हाई, तू बी न्हाई. चादर काढली आन् मीच बघितलं. मी त्या माणसाला इचारलं बी, झोपलाय का. त्यानं बी काय सांगितलं न्हाई.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तू सांग.”

“आई, इतकी वर्षं झाली.”

“झाली आसतील. सांग.”

मी उठले. ओसरीवरून खाली अंगणात गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. ती “उभी का?” म्हणाली नाही, पदर सावरून ताठ बसली. मी म्हणाले, “आई, मी कंपनीतून आलेय. आपला बाळू आज सकाळी कामावर असताना वारला.”

तिनं विचारलं, “लई तरास झाला का त्याला?” हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि मी कधी त्याचं खोटं उत्तर दिलेलं नाही. पाळीतल्या पोरांनी मला फार पूर्वीच सगळं सांगितलं होतं. मी म्हणाले, “झाला. थोडा वेळ झाला. सोबतीला त्याचे दोस्त होते.”

“व्हय,” आई म्हणाली. “मला वाटायचंच.” आणि मग तिनं तोंडावर पदर घेतला आणि जो आवाज काढला तो मी केडगावच्या आजीच्या वेळेनंतर ऐकला नव्हता. मी धावत जाऊन तिला धरलं. ती बाळूला हाका मारत होती, छाती पिटत होती. ऐंशीच्या घरातली बाई, माझ्या हातांना आवरेना. आवाज ऐकून खोल्यांमधनं भाडेकरू पळत आले. सगळ्यात पुढं एक बिहारचा पोरगा होता, महिन्यापूर्वीच राहायला आलेला.

“क्या हुआ मॅडम?” तो म्हणाला. “कोई गुज़र गया क्या?”

“हां,” मी म्हणाले. “मेरा भाई.”

त्यानं चपला काढल्या आणि अंगणात खाली बसला. मग हळूच विचारलं, “कब?”

“अभी,” मी म्हणाले.